महापरसाद घराची पाली

तात्यापारा, रायपूर
२४ मार्च २०१३

निरंजन,

चिरंजीव लिहिलेलं नाही, आशीर्वादही लिहिणार नाही. मोठी बहीण म्हणून जेवढे देता येत होते तेवढे देऊन झाले.

आज सकाळी तुझ्या दाराशी काठी टेकवून गेली ती मीच. तुमच्या सोसायटीच्या चौकीदारानं मला गेटवर अडवलं. "आंटी, लाठी लेके अंदर नहीं जा सकते," म्हणाला. मी म्हटलं, भैया, माझे गुडघे गेलेत, लाठी नको तर तू मला उचलून वर नेतोस का? सोडलं बिचाऱ्यानं. तुझ्या दारावर नवी पितळी पाटी लागली आहे, 'पर्यावरण सल्लागार'. तिच्या बरोबर खाली काठी उभी केली, बेल वाजवली नाही, आणि उतरले.

ती कसली काठी हे तुला सांगायला नको. पण मंजिरीला तू 'कुणीतरी विसरून गेलं असेल' असं सांगशील, म्हणून तिनंही वाचावं असं सगळं लिहिते. पाकिटावर तिचंच नाव घातलं आहे, तेव्हा फाडून टाकायची संधी तुला मिळणार नाही.

मंजिरी, सरईडीह गावात या काठीला ठेंगा म्हणतात. संध्याकाळी ज्या घराच्या दाराशी ठेंगा उभा दिसेल, त्या घरानं दुसऱ्या दिवशी जंगल राखायचं. कुणी ओली फांदी तोडतंय का, कुठे धूर दिसतो का, बाहेरची गाडी आत शिरली का, हे दिवसभर हिंडून बघायचं आणि परतल्यावर ठेंगा शेजारच्या दाराशी ठेवायचा. याला पाली म्हणतात. ना पगार, ना हजेरी. आमचे बाबा तिथल्या लाकूड डेपोत बाबू होते तेव्हाही हेच चालायचं, आणि बाबा वनखात्याचे असूनही म्हणायचे की हे जंगल खात्यानं नाही, या गोंडांनी राखलं आहे.

परवा फिरतूरामच्या घराची पाली आली. फिरतू आता नाही आणि त्याला मुलगाही नाही. मग गावाची बैठक बसली. शालिग्राम पटेल, गावचा वडीलधारा, म्हणाला, "फिरतू के भाई तो हे. महापरसाद घर." म्हणून ठेंगा बसमध्ये बसून रायपूरला माझ्याकडे आला.

मंजिरी, तुझ्या नवऱ्यानं तुला सांगितलं असेल की लहानपणी त्याचा एक आदिवासी मित्र होता. मित्र नव्हता. दोघं एका शाळेत एका पाटीवर शिकले, आणि रथयात्रेच्या दिवशी दोन्हीकडच्या आईबापांनी त्यांना समोरासमोर बसवून जगन्नाथपुरीचा सुका भात एकमेकांच्या तोंडात घालायला लावला. तेव्हापासून ते महापरसाद. एकमेकांचं नाव घ्यायचं नाही, 'महापरसाद' म्हणूनच हाक मारायची. त्याचे आईबाप ते आपले आईबाप, त्याचं सुतक ते आपलं सुतक. आणि महापरसादानं 'मागतो' म्हणून काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही. या शेवटच्या गोष्टीचा तुझ्या नवऱ्यानं काय उपयोग केला ते ऐक.

मागच्या नोव्हेंबरात या जंगलात निघणाऱ्या खाणीची जनसुनवाई झाली; खाणीच्या कंपनीचा सल्लागार तुझा नवरा. मंडप, लाउडस्पीकर, साहेब, पोलिस. गावानं आधीच देवगुडीसमोर, गावदेवाच्या ठाण्यापुढे, बसून ठरवलं होतं की खाण नको. फिरतू वन समितीचा अध्यक्ष, बोलणार तो. तिथली रीत अशी की गावाचं बोलणं गावात होतं. बाहेरच्यांसमोर एकच माणूस उठतो आणि तो बोलेल ते सगळ्यांचं. आपण घरातलं भांडण पाहुण्यांसमोर काढत नाही, तसं त्याला कुणी तोडत नाही. साहेबानं विचारलं, गाव राजी आहे का? फिरतू उठला आणि 'हव' म्हणाला. हव म्हणजे हो. पुढे एक शब्द बोलला नाही. सगळं गाव माना खाली घालून बसलं, आणि गावाची संमती कॅमेऱ्यात नोंदली गेली.

का म्हणाला, ते त्यानं मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. महापरसादाला दिलेलं बोलून दाखवायचं नसतं. त्याच्या दहाव्याला त्याची बायको सुकवारो बैठकीत उभी राहिली आणि तिनं सांगितलं. निरंजन, सुनवाईच्या आदल्या दिवशी तू त्यांच्या ओसरीवर बसून पेज प्यायलास, वाटी खाली ठेवलीस आणि म्हणालास, "महापरसाद, एक चीज मांगत हंव. काली एक ठन हव." उद्या एक हो दे. फिरतूनं तुझी वाटी उचलून धुऊन ठेवली. मग "ले" म्हणाला.

निरंजन, गावानं वर अर्ज केला आहे. ग्रामसभा पुन्हा घ्यायला साहेब येणार आहे. तिथे चार माणसांसमोर उभा राहा आणि सांग की ते 'हव' तू मागून घेतलं होतंस. नाही सांगितलंस तर देवाचं जंगल, तिथली देवराई, कापलं जाईल, आणि मग मी तुला या शहरात मान वर करून चालू देणार नाही. हे रागाच्या भरात लिहिलेलं नाही. राग महिनाभर झाला, आता सवय झाली आहे.

मंदाकिनी


सरईडीह
२७ मार्च

निरंजन,

काठी तू कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेववलीस. चौकीदाराला मी माझा नंबर देऊन आले होते. "आंटी, आपकी लाठी साहब ने फिंकवा दी," त्यानं फोनवर सांगितलं. मी जाऊन उचलली, माझी खाणावळ शेजारणीवर सोपवली आणि पहिल्या बसनं धमतरीकडे निघाले. ठेंगा रायपुरात पडून राहिला तर इथे जंगल मोकळं राहतं, हे तुझ्या लक्षात आलं होतं की नाही कोण जाणे. आलं असणार.

घरातलं कुणीतरी चाललं म्हणजे झालं, असा इथला नियम आहे. तेव्हा काल तुझी पाली मी केली. पुण्य लागावं म्हणून नाही. तुझ्या नावाची पाली तुझ्या म्हाताऱ्या बहिणीनं लंगडत केली हे सगळ्या गावानं बघावं, म्हणून केली. वाटेत भेटेल तो विचारायचा, "आज काकर पाली हे?" आणि सुकवारो उत्तर द्यायची, "महापरसाद घर के." तुझं नाव ती घेत नाही. अजून नाही.

सुकवारो सोबत होती. चाराची, म्हणजे चारोळीची, झाडं हिरव्या फळांनी वाकली आहेत, पण एकालाही हात लागलेला नाही. देवाला पहिलं फळ चढेपर्यंत कुणी तोडायचं नाही, आणि तोवर पाखरं आपला वाटा खाऊन बिया टाकून मोकळी होतात. मोहाखाली पाला जाळत नाहीत, बाया वाकून झाडतात. देवाच्या जंगलात शिरताना मी चपला काढल्या, तू लहानपणी काढायचास तशा. एका जुन्या साजाखाली, आपल्या ऐनाखाली, मी दम खायला थांबले आणि तुला चार शिव्या दिल्या, जरा मोठ्यानंच. सुकवारोनं माझं तोंड दाबलं. "धीरे बोल दीदी, जचकी घर हे." वर ढोलीत धनेशाची मादी अंडी घालून बसली होती. तिनं आपलं दार आतून लिंपून घेतलं होतं, फक्त चोच मावेल एवढी फट, आणि नर तिला खाऊ घालत होता. पिल्लं उडेपर्यंत त्या झाडाखाली कुऱ्हाड जात नाही आणि पोरं दगड मारत नाहीत. बाळंतिणीच्या घराशी कोण गोंगाट करतो?

तू कंपनीला अहवाल दिलास त्यात या जागेला 'झुडपी, उल्लेखनीय वन्यजीव नाहीत' असं लिहिलं आहेस. ही ढोली फिरतूनंच तुला लहानपणी दाखवली होती. घरी येऊन तू आईला हातवारे करून सांगत होतास, मी तिथेच होते.

मग सुकवारो मला जळलेल्या पट्ट्यात घेऊन गेली. मोजणीवाल्यांनी पाडलेल्या वाटेच्या कडेनं आग लागली होती; कशी लागली कुणाला माहीत नाही. त्या दिवशी पाली दुसऱ्याच घराची होती. पण नोव्हेंबरपासून फिरतू रोजच जंगलात असायचा, ठेंगा कुणाच्याही दाराशी असो. गावात कुणी त्याला टाकलं नव्हतं, तोच कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हता. लोक पोचेपर्यंत तो एकटा आग झोडपत होता. आग देवाच्या झाडांपर्यंत गेली नाही. तो मात्र भाजला.

त्याला रायपूरच्या इस्पितळात आणलं. तुझ्या घरापासून रिक्षानं किती वेळ लागतो ते तुला ठाऊक आहे. मी तुला फोन केला, तू म्हणालास, मीटिंग आहे, येतो. मी रोज डबा घेऊन जायचे, तो खाऊ शकत नव्हता, सुकवारोला खायला लावायचे. डोळे उघडले की तो एकच विचारायचा, "महापरसाद आइस का?" आला का? मी म्हणायचे, रस्त्यात आहे. शेवटी तुझा ड्रायव्हर आला, सफरचंदांची टोपली घेऊन. वर चकचकीत कागद, रिबीन. सुकवारोनं ती टोपली खाटेखाली सरकवली. फिरतू गेल्यावर इस्पितळाच्या बाईनं ती वाटून टाकली.

मी तुझा द्वेष करते, निरंजन. हा शब्द कुणाबद्दल लिहिण्याची वेळ येईल असं वाटलं नव्हतं, आणि तुझ्याबद्दल तर नाहीच.

मंदाकिनी


तात्यापारा
१२ एप्रिल

निरंजन,

कालच्या पाडव्याबद्दल तू चिडला असशील. चीड. मला बरं वाटतं.

आपल्या मराठी मंडळानं पाडव्याला तुझा सत्कार ठरवला तो 'पर्यावरण क्षेत्रातील कार्याबद्दल', हे मला छापील पत्रिकेतूनच कळलं. मी ती पत्रिका खाणावळीत भिंतीला लावून ठेवली होती, राग ताजा राहावा म्हणून. काल तिसऱ्या रांगेत बसले, आईचं नऊवारी नेसून. तू मला बघितलंस आणि घाम पुसलास, ते मी बघितलं.

दत्तोपंतांनी शाल उलगडली तेव्हा मी उठले. अध्यक्ष म्हणून त्यांना मान आहे, म्हणून परवानगी घेतली. "दत्तोपंत, मले दोन मिनिटं पाहिजेत."

"ताई, बसा ना, कार्यक्रम चालू हाय."

"शाल घालाच. पण ह्याच्या भावाचं सुतक ह्यानं अजून पाळलं नाही, एवढं मंडळाले माहीत असलं पाहिजे."

सगळ्या सभेत कुजबुज. निरंजनला भाऊ कुठला? मग मी सांगितलं. सगळं सांगितलं, भात, पेज, हव, सफरचंदं. तू माईकजवळ येऊन हळूच म्हणालास, "ताई, घर चलो ना. घर पे बात करते हैं." हिंदीत बोललास. लहानपणी आईशी खोटं बोलायचं असलं की तू हिंदीत शिरायचास, तेव्हाही आम्ही ओळखायचो.

दत्तोपंत भले गृहस्थ. त्यांनी शालीची घडी घातली आणि पिशवीत ठेवली. नारळ टेबलावरच राहिला. तू मागच्या दारानं गेलास आणि बाया माझ्याभोवती गोळा झाल्या. निम्म्या माझ्या बाजूच्या, निम्म्या तमाशा बघायला आलेल्या. मला दोन्ही चालतात.

आणखी एक. तुमच्या ऑफिसात माझ्याकडून डबे जात होते, ते आजपासून बंद. पोरं विचारायला आली, "ताई, हमारी क्या गलती?" मी म्हटलं, तुमची नाही, तुमच्या साहेबाची, जाऊन त्यालाच विचारा. ती विचारणार. पोटाला चिमटा बसला की माणूस विचारतोच.

ग्रामसभा चौदा मेला आहे. अजून वेळ आहे तुला.

मंदाकिनी


तात्यापारा
५ मे

निरंजन,

काल मंजिरी आली होती. तू पाठवलंस की आपणहून आली, ती सांगेना. खाणावळ बंद व्हायच्या वेळी आली, दुपारचा वरणभात जेवली, आणि ताटातच डोळे पुसायला लागली.

"ताई, काहून असं करून राहिल्या तुम्ही? सोसायटीत तोंड दाखवायले जागा नाही उरली. ते जेवत नाहीत, झोपत नाहीत."

"फिरतू पण जेवत नव्हता," मी म्हटलं.

"ते म्हणतात, मी नाही केलं असतं तर दुसऱ्यानं केलं असतं. खाण कोणाच्यानं थांबते का? आणि त्या बाईच्या भाच्याले नोकरी लावून देतो म्हणाले."

"दुसऱ्याले फिरतू हव म्हणाला नसता. एवढंच सांग त्याले."

तिच्यावर माझा राग नाही, तिला वाढताना मी तूप कमी केलं नाही. पण तिच्या रडण्यानं मी हलणार नाही, हेही तिला कळलं असावं. जाताना तिनं माझ्या पाया पडायला वाकून विचारलं, "ताई, तुम्हाले नेमकं काय पाहिजे?" मी म्हटलं, खरं पाहिजे, आणि ते बोलताना त्याचं तोंड बघायचं आहे.

नोकरीचा निरोप मी सुकवारोला पोचवला नाही. तुझ्या टोपलीसारखाच तोही खाटेखाली जाऊ दे.

आता नीट वाच. चौकशीचा साहेब कागदावर चालणारा माणूस आहे असं ऐकलं. त्याच्याजवळ फिरतूच्या 'हव'ची चित्रफीत आहे, आणि त्याविरुद्ध एका विधवेचं बोलणं. तू 'नाही' म्हणालास की प्रकरण संपलं, असं तुझ्या वकिलानं तुला सांगितलं असेल. पण महापरसादाची बायको मितानीण, म्हणजे त्याच नात्यातली, असते, आणि जो मागण्याचा हक्क तुला होता तो तिलाही आहे. ती तुझ्यासमोर उभी राहून, सगळ्या मंडपात, 'मांगत हंव' म्हणेल. तुझ्याकडून एक खरं मागेल. मग बघू, तुझ्या तोंडात घातलेला तो भात अजून कुठे शिल्लक आहे का. दिलंस तर कंपनी तुला उभं करणार नाही. नाही दिलंस तर त्या मंडपात कुणी तुला माणसात धरणार नाही. दोन्ही वाटा मीच बंद केल्या आहेत आणि मला त्याचा आनंद आहे. सुकवारोला मी हे समजावून सांगितलं. ती ऐकून घेते.

गेल्या रविवारी तुझा फोन आला आणि तू काही न बोलता ठेवलास. आवाज बसलेला वाटला. खोकत होतास. मी विचारलं नाही, विचारणारही नाही.

मंदाकिनी


सरईडीह
१५ मे

निरंजन,

तू कालच कंपनीच्या गाडीनं निघून गेलास, तेव्हा पुढचं तुला कुणी सांगितलं नसेल. आणि तू होतास तेवढ्याचंही मी लिहून ठेवते. उद्या तू तुझ्या सोयीनं वेगळं सांगशील.

तू साहेबाच्या मागच्या खुर्चीवर बसलास, पांढऱ्या शर्टात. कॉलर सैल झाली होती, वाळला आहेस. साहेबानं नोव्हेंबरची नोंद वाचली. सुकवारो उठून बोलली, मी शेजारी होते. साहेब तसा वाईट नव्हता, पण म्हणाला, मेलेल्या माणसानं काय मनात धरून 'हव' म्हटलं ते मी कसं लिहू? मग तो तुझ्याकडे वळला. "क्या आपने उनसे ऐसा कुछ कहा था?"

तू चष्मा काढलास, पुसलास. "मुझे याद नहीं, सर."

नाही म्हणाला असतास तर मी तुला खोटारडा म्हटलं असतं आणि मोकळी झाले असते. याद नाही! मंडपात शालिग्राम पटेल होता, ज्यानं त्या रथयात्रेच्या दिवशी तुमच्या दोघांच्या डोक्यावर हात ठेवला होता. त्यानं तुझ्याकडे असं पाहिलं, की मला माझीच लाज वाटली, आपण एका पोटचे म्हणून.

मी सुकवारोला ढकललं. "माग. आता माग." ती उठली, तुझ्यासमोर जाऊन उभी राहिली. मी मनात म्हणत होते, आता सुटत नाहीस. तिनं तुझ्याकडे नीट बघून घेतलं. मग म्हणाली, "नइ मांगंव."

मागणार नाही. एवढंच. तुझ्याकडे पाठ केली, साहेबासमोर गेली आणि म्हणाली, "साहेब, मोर मनखे के हव ला छोड़ दे. मोर लिख. सुकवारो बाई. नहीं." माझ्या माणसाचं हव सोड, माझं लिही.

साहेब म्हणाला, गावाचा कोणी एक बोलू दे. तेव्हा शालिग्राम पटेल काठीवर जोर देऊन उठला. एकाच्या बोलण्यावर दुसऱ्यानं बोलायचं नाही ही रीत त्या म्हाताऱ्यानं जन्मभर सांभाळली होती. तो म्हणाला, "मोर घलो लिख. नहीं." माझंही लिही. मग त्याच्या मागची बाई उठली. मग तिची सून, लेकरू कडेवर घेऊन. मग रांगच लागली. प्रत्येकानं आपलं नाव सांगायचं आणि नहीं म्हणायचं. बाहेरच्यांसमोर आजवर ज्यांनी तोंड उघडलं नव्हतं त्या म्हाताऱ्या डोक्यावरचा पदर सावरून नाव सांगत होत्या. लिहिणाऱ्या बाबूचा हात दुखायला लागला, त्यानं पेन बदललं. तू मध्येच उठून गेलास. कुणी मान वळवून बघितलं नाही. मी बघितलं.

नोव्हेंबरची संमती धरता येत नाही, असं साहेबानं लिहून वर पाठवलं आहे. मोजणीवाल्यांचे खुंटे उपटले गेले. खाण कायमची टळली असं इथे कुणी म्हणत नाही. ठेंगा मात्र चालू आहे.

मी संध्याकाळी सुकवारोशी भांडले. आवाज चढवूनच भांडले. दोन महिने मी हाडं झिजवली ती तुला सोडून देण्यासाठी? तुला त्या मंडपात वाकलेलं बघायचं होतं मला. ती चुलीपाशी बसून ऐकत राहिली आणि म्हणाली, "मांगे के हव ह हव नोहय, दीदी. मोर मनखे के मुंह ले ओइसनेच निकालिस." मागून घेतलेलं हो हे हो नसतं, माझ्या माणसाच्या तोंडून असंच काढून घेतलं. तेच मी त्याच्याशी करू का, असा तिचा सवाल.

ती तशी आहे. मी तशी नाही. तिनं तुला सोडलं असेल, मी सोडलेलं नाही.

मंदाकिनी


तात्यापारा
२३ जून

निरंजन,

मंजिरीनं परवा फोनवर विचारलं, "ताई, काठी काहून नाही आली?" फिरतूच्या घराची पाली या महिन्यात कधीचीच होऊन गेली, हे तिनं हिशेब करून काढलं. तूच तिला विचारायला लावलंस असं मला वाटतं. म्हणून हे शेवटचं पत्र.

पाली आली त्या संध्याकाळी मी सरईडीहलाच होते. ठेंगा घेऊन रायपूरला यायची माझी तयारी होती, पिशवी भरलेली होती. तुझ्या दाराशी तो पुन्हा उभा करण्यात मला काय सुख वाटतं ते तुला माहीत आहे. बैठक बसली. मी म्हटलं, द्या इकडे, मी पोचवते.

शालिग्राम पटेलनं मान हलवली. "ओकर घर झन भेजव. साहेब करा का कहिस, सुरता नइ हे. जेला सुरता नइ हे, तेकर घर पाली नइ जाय."

त्याच्या घरी पाठवू नका. साहेबाला म्हणाला ना, आठवत नाही. ज्याला आठवत नाही त्याच्या घरी पाली जात नाही.

कुणी ओरडलं नाही, शिवी दिली नाही. दंडही लावला नाही. मी वाट बघत होते की कुणीतरी तुझ्यासाठी भांडेल, आणि मग माझ्या लक्षात आलं की ते कुणीतरी मीच असायला हवी होते. मी भांडले नाही. सुकवारोकडे बघितलं. ती खाली बघत होती. मग तिनं पटेलच्या हातातला ठेंगा घेतला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः चालली, आणि जाताना ज्यानं विचारलं त्याला म्हणाली, "सुकवारो घर के पाली हे." महापरसाद घर म्हणाली नाही. पुढे कधी म्हणणार नाही. मंडपात तुझ्याकडे पाठ केली तेव्हाच तिनं हे ठरवलं असावं. मी दोन महिने तुझ्या अब्रूवर टपून होते. त्या बाईनं तुला एका शब्दानं न दुखावता घराबाहेर ठेवलं. मला जमलं नव्हतं एवढं मोठं शासन करायला.

मंजिरी म्हणते, तू आता रोज सकाळी उठल्या उठल्या दार उघडतोस, पाटीखाली बघतोस आणि पुन्हा लावून घेतोस. तिची इच्छा आहे की मी एकदा यावं, तुझ्यासाठी काठी घेऊन यावं, कुठलीही.

मी येणार नाही. ठेंगा आज गावातल्या दुसऱ्या कुठल्या घरी आहे, उद्या त्याच्या पुढच्या घरी असेल. सगळं गाव फिरेल आणि पुन्हा सुकवारोकडे येईल. तुझं दार आता त्या वाटेवर नाही.

मंदाकिनी